उद्यापनाचा सोमवार

सरस्वती वाशीहून आली ती रिकामी बॅग घेऊन. मोठी, निळी, चाकांची. चौरंग, होमाचं कुंड, केळीचे खुंट आणि फुलांच्या परड्या मांडल्यावर कामोठ्याच्या त्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तरी तिनं ती बॅग आत नेऊन ठेवली नाही. सोफ्यासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत येईल अशी उभी केली.

अरुणाने बॅग पाहिली आणि ती मान खाली घालून बेल निवडत राहिली. तीन पानं अखंड हवीत. भोक पडलेलं, किडीनं खाल्लेलं एकही पान पिंडीवर चालत नाही. ती एकेक पान उजेडाकडे धरून पाहत होती.

"चहा टाकू, ताई?"

"आई सकाळपासून थेंबभर पाण्याशिवाय बसलीय आणि मी चहा पिऊ?" सरस्वतीने पदर खोचला. शाळेत सुपरवायझर असल्यामुळे तिचा आवाज नेहमी शेवटच्या बाकापर्यंत जाईल असाच निघायचा. "श्रुती, आजीची कपाटातली पातळं काढून ठेव गं. सुतीच घे. डोळ्याच्या ऑपरेशननंतर जाड काही नको."

"आत्या, गुरुवारी अ‍ॅडमिट व्हायचंय. आज सोमवार आहे," श्रुती म्हणाली.

"आज रात्रीच नेणार आहे मी तिला. तिच्या डोळ्यांतले थेंब आता माझ्या हातून पडतील."

बेलाचं एक पान अरुणाच्या बोटांत मधोमध फाटलं. तिनं ते बाजूला टाकलं.

शनिवारी खारघरच्या डॉक्टरांकडे सगळेच गेले होते. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी भागीरथीबाईंची हनुवटी यंत्रावर टेकवून दोन्ही डोळ्यांचं प्रेशर मोजलं, मागची नस पाहिली, आणि खुर्ची त्यांच्या मुलाकडे, नंदकुमारकडे वळवली. उजवा गेला, म्हणाले. उजेड-अंधार कळेल, माणूस कळणार नाही. डाव्या डोळ्याला मधोमध, नळीतून पाहावं तेवढंच दिसतंय. ऑपरेशन करून आतलं पाणी बाहेर पडायला वाट करून देऊ. त्यानं राहिलंय तेवढं राखता येईल, गेलेलं परत येणार नाही.

"पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर तिला लख्ख दिसायला लागलं होतं," नंदकुमार म्हणाला होता.

"मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं. ते बदललं की झालं. काचबिंदूत नसच वाळते. दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेनं गुपचूप खात येतो. म्हणून तर थेंब जन्मभर." मग त्यांनी जुनी फाइल चाळली. "ह्या औषधावर प्रेशर इतकं वाढायला नको होतं. थेंब नियमित होते ना? एक बाटली उघडली की महिन्याच्या आत संपते, उरली तरी टाकायची. तुमच्याकडे किती पुरायची?"

नंदकुमारला काय ठाऊक. त्यानं मान वळवून अरुणाकडे पाहिलं. सरस्वतीनं पाहिलं. श्रुतीनंही पाहिलं, मग पटकन नजर काढून घेतली. भागीरथीबाई मात्र समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"दीड-दोन महिने जायची," अरुणा म्हणाली. खोटं कशाला बोलायचं? आणि त्या एका वाक्यानं तिनं स्वतःच्या गळ्यात दोरी अडकवून घेतली.

घरी आल्यावर गाडीतून उतरताना सरस्वती म्हणाली, "आजारी होतीस तेव्हा ठीक होतं गं. माणूस समजून घेतं. पण त्यानंतर?"

आजारी होतीस. दोन वर्षांपूर्वीची ती छातीतली गाठ, मग केमो, उशीवर सकाळी सापडणारे केसांचे झुपके. तेव्हा खरंच चुकले असतील का थेंब? शनिवारपासून अरुणा तेच चाचपून पाहत होती. पतपेढीत परत रुजू झाल्यापासून तर रोज सकाळी आठच्या आधी ती आईंना पलंगावर आडवं करायची, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, संध्याकाळी आल्या आल्या पुन्हा. राहता राहिले उपासाचे दिवस. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. त्या दिवशी भागीरथीबाई पहाटे न्हाऊन सोवळं नेसायच्या आणि थेंब घालायला आलेल्या सुनेला हात करून थांबवायच्या, "शिवू नको गो. बाटली तिथं खिडकीत ठेव. माझं मी बघत्ये." अरुणा देवघराच्या खिडकीत बाटली ठेवून कामाला निघायची. वयस्कर माणूस, देवाच्या कामात. त्यात बोट घालू नये, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून शिकली होती.

गुरुजी साडेपाचला आले. कळंबोलीहून स्कूटरवर येतात, हेल्मेट काढून आधी शेंडी सारखी करतात. त्यांनी मांडणी पाहून मान हलवली. "छान. खीर झालीय? काकू कुठायत?"

भागीरथीबाई आतून आल्या. दाराच्या चौकटीला उजवा खांदा लागला, त्यांनी तो चोळला नाही, रोजचंच होतं. पाटापाशी येऊन त्या वाकल्या आणि बसायला गेल्या ते पाटाच्या कडेवर. नंदकुमारनं पटकन हात दिला.

"बघ," सरस्वती श्रुतीच्या कानात म्हणाली, पण शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "पाट दिसत नाही तिला."

"मला पाट दिसतो, ध्यानात नाही आला," भागीरथीबाई म्हणाल्या.

पूजा सुरू झाली. दूध, दही, तूप, मध, साखर. पंचामृताचा अभिषेक करताना त्यांची पळी पिंडीच्या बाजूनं ताम्हणात पडत होती आणि दर वेळी गुरुजी हलकेच ताम्हण सरकवून घेत होते. अरुणा मागे उभी राहून समया सावरत होती. तिला आठवत होतं, सहाएक महिन्यांपूर्वी आई अशाच निरांजन हातात घेऊन बसलेल्या असताना तिला हाक मारून म्हणाल्या होत्या, "ये गो, बघ. वातीभोवती कडं दिसतंय. तांबडं, निळं, हिरवं. इंद्रधनुष्यासारखं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पावला बरं का तो. खूण दिली."

अरुणानेही तेव्हा हात जोडले होते. शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का, तेव्हा तिला ते निरांजन आठवलं. डोळ्यातलं पाणी तुंबलं की तशी दिसतात, ते म्हणाले. आई तेव्हाही भिंतीकडेच पाहत होत्या.

"बाकी एक राहिलं," मध्येच श्रुती म्हणाली. गुरुजी होमाच्या समिधा रचत होते, थोडी उसंत होती. "डॉक्टर म्हणाले होते, रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांनी डोळ्यांचं प्रेशर चेक करून घ्या. बाबा, तुम्हाला शुगर आहे, तुमच्या डोळ्यांचा पडदाही बघायला पाहिजे. आत्या, तुम्हीपण."

"मला काय धाड भरलीय? मी अजून चष्म्याशिवाय पेपर तपासते."

"आजीपण पोथी वाचायची, आत्या. शेवटपर्यंत मधलं नीट दिसतं."

"श्रुती," नंदकुमार म्हणाला. "आज नको."

"मग कधी, बाबा? मोतीबिंदूच्या वेळीपण तुम्ही तेच म्हणत होतात. पिकू दे, पिकला की काढू. आंबा होता का तो?"

नंदकुमारनं समिधांना तूप लावायला घेतलं. अरुणाला लेकीचं कौतुक वाटलं आणि वाईटही. या घरात फक्त आपल्याच डोळ्यांना ते रक्त नाही, हे तिच्या मनात आलं. पण लेकीच्या डोळ्यांना आहे.

सातला श्रुतीच्या मोबाइलवर गजर वाजला. शनिवारीच तिनं तो लावून ठेवला होता, थेंबांचा. अरुणा सवयीनं फ्रिजकडे वळली, तर सरस्वती आधीच उठली होती.

"दे इकडे. म्हटलं ना, आता माझ्या हातून." तिनं बाटली घेतली, झाकण काढलं आणि आईच्या पाटापाशी गुडघ्यावर बसली. "आई, मान वर कर."

भागीरथीबाईंनी चेहरा मागे घेतला. "शिवू नको. नैवेद्य व्हायचाय अजून."

"डोळ्यात घालायचाय, आई. तोंडात नाही."

"घशात उतरतो तो." त्या शांतपणे म्हणाल्या, जणू ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती. "कडू लागतो मागाहून. निर्जळी मोडत्ये."

सरस्वतीचा हात तसाच वर राहिला. बाटलीच्या टोकावर एक थेंब जमला, लोंबला आणि तिच्या साडीवर पडला.

"म्हणजे?" नंदकुमार म्हणाला. "आई, म्हणजे तू सोमवारी थेंब घालतच नव्हतीस?"

"उपास असताना कसा घालणार?"

"गुरुवारी?"

"नाही."

"एकादशीला? चतुर्थीला?"

भागीरथीबाईंनी नुसती मान हलवली. "बाकीच्या दिवशी अरुणा घालायची की. तिनं कधी चुकवलं नाही."

शनिवारपासून ज्या वाक्याची अरुणा वाट पाहत होती, ते असं, होमाच्या धुरात, कुणी न मागता आलं. तिला वाटलं होतं, ते ऐकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उपासाचे दिवस आठवड्यातून दोन आणि वर एकादश्या, चतुर्थ्या. एवढ्या दिवसांचे खाडे डोळ्याच्या नसेनं सोसले नव्हते, इतकंच.

गुरुजी हातातला पळा खाली ठेवून बसले होते. ते तिशीतले होते, आणि घरातल्या भांडणात गुरुजींनी कुठं पाहावं हे त्यांना अजून जमलं नव्हतं. पण आता ते म्हणाले, "अहो काकू, औषधानं व्रत मोडत नाही."

"काय?"

"शास्त्रातच सांगितलंय. आठ गोष्टींनी व्रताला बाध येत नाही. दूध आहे त्यात, फळ आहे. औषध तर आहेच. पाणीसुद्धा आहे."

"पाणीसुद्धा?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"हो."

उजवा हात उचलून त्या पिंडीवरचं एक बेलपान सारखं करू लागल्या. पान सरळच होतं. त्या कितीतरी वेळ ते सारखं करत राहिल्या.

मग सरस्वती उभी राहिली. अरुणाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. आईवर रागावता येत नाही, देवावर नाही, गुरुजींवर नाही. राग तर आलेला आहे, तो कुठंतरी ठेवायला हवा.

"आणि तुला हे कळलं नाही?" सरस्वती म्हणाली. "एका घरात राहतेस."

"सोवळ्यात असायच्या, ताई. शिवायचं नव्हतं."

"शिवायचं नव्हतं, विचारायचं तर होतं. बाटली दोन दोन महिने पुरतेय, हे दिसत नव्हतं?"

"खरंय अरुणा," नंदकुमार पुटपुटला. "निदान बाटली पुरतेय कशी, एवढं तरी."

"तुम्ही कधी आणलीत का बाटली?" अरुणाने विचारलं. आवाज चढला नव्हता. "रंग कुठला तिच्या झाकणाचा, सांगा."

नंदकुमारनं बहिणीच्या हाताकडे पाहायला नजर उचलली, आणि ते लक्षात येऊन परत खाली घातली. जांभळं झाकण सरस्वतीच्या मुठीत होतं.

"गुरुजी, पुढं चालू द्या," भागीरथीबाई म्हणाल्या. "प्रदोष टळेल."

गुरुजींनी घसा साफ केला. हातात पाणी, अक्षता, फूल दिलं. "काकू, उद्यापनाचा संकल्प. ज्या कारणासाठी व्रत धरलं होतं ते मनात म्हणा. म्हणजे, मनातच म्हटलं तरी चालतं."

त्या मनात म्हणाल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं अरुणाला पुढं अनेकदा वाटलं. पण भागीरथीबाईंचं देवाशी बोलणं नेहमी मोठ्यानंच असायचं.

"सुनेच्या छातीतली गाठ बरी व्हावी म्हणून सोमवार धरले होते," त्या म्हणाल्या. "निर्जळी. तिचे रिपोर्ट नीट येईपर्यंत. आले. तुझं तुला पोचतं करत्ये." आणि ओंजळ ताम्हणात सोडली. त्यातलं निम्मं पाणी बाहेर चौरंगावर सांडलं.

कुंडातलं लाकूड तडतडलं.

गेल्या महिन्यात अरुणाचे रिपोर्ट स्वच्छ आले होते. त्याच संध्याकाळी आई म्हणाल्या होत्या, सोमवारांचं उद्यापन करून टाकू. अरुणाने यादी केली होती, तांदूळ, तूप, समिधा, गुरुजींना धोतर. कसलं उद्यापन, हे विचारलं नव्हतं. या घरात आईंचे उपास कॅलेंडरावरच्या तारखांसारखे होते. कुणासाठी, ते कोण विचारतं?

"ऐकलंस?" सरस्वती हळू आवाजात म्हणाली. इतक्या हळू की ते पहिल्या बाकापर्यंतही गेलं नसतं. "तुझ्यासाठी डोळा दिला तिनं."

खीर झाली, आरती झाली. गुरुजींनी दक्षिणा घेतली आणि हेल्मेट काखेत धरून जवळजवळ पळाले. जेवणं उरकली, भागीरथीबाईंनी उपास सोडला, चार घास खाल्ले. मग सरस्वतीनं बॅगेचा दांडा ओढून वर काढला. श्रुतीनं आजीची पातळं घडी करून आणली होती.

"राहू दे ती," सरस्वती म्हणाली.

"का? आजीला नेणार होतात ना?"

"नेते कुठली? उद्या लोक म्हणतील, जिच्यासाठी म्हातारीनं डोळा घालवला तिनं हात झटकले आणि लेकीच्या दारात आणून टाकली." तिनं अरुणाकडे पाहिलं नाही. "आता तुझी आहे ती. तूच सांभाळ. थेंब, गॉगल, डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही, सगळं. गुरुवारी मी शाळेतून परस्पर येईन."

तिला नेणार होतीस ती माझ्यावरच्या रागानं, ठेवून चाललीस तीही त्याच रागानं; अरुणाच्या ओठांवर आलं होतं. सरस्वतीची रिकामी बॅग लिफ्टपर्यंत खडखडत गेली.

नंदकुमार ओट्यापाशी येऊन उभा राहिला. अरुणा खिरीचं पातेलं घासत होती.

"आईनं एवढं केलं तुझ्यासाठी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. "मला पण माहीत नव्हतं."

"मी मागितलं नव्हतं."

"असं बोलू नये, अरुणा."

"मागितलं नव्हतं मी. मला त्या वेळी कुणीतरी रात्री उठून पाणी दिलं असतं तरी पुरे होतं. ते तुमच्याकडे मागितलं होतं."

नंदकुमार आत गेला. टीव्ही लागला.

"ऐकू येतं मला," देवघरातून भागीरथीबाई म्हणाल्या. "कान शाबूत आहेत."

अरुणाने हात पुसले, बाटली घेतली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली. त्या पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सोवळं सोडून साधं पातळ नेसल्या होत्या. निरांजन त्यांच्या उजव्या हाताला तेवत होतं.

"नव्हतंसच मागितलं," त्या म्हणाल्या. "देवाकडे मागताना माणसाला कुठं विचारतात?"

"विचारायला हवं होतं, आई."

"तू नको म्हटलं असतंस."

"हो."

"म्हणून," त्या म्हणाल्या. "केस गळलेले तुझे मी केरातून उचलत होत्ये. दुसरं काय येत होतं मला? उपास येत होता."

अरुणाला रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट एक जड, न फेडता येणारं काहीतरी छातीत, जुन्या टाक्यांच्या जागी, येऊन बसलं. उद्यापासून सोसायटीत, लग्नाकार्यात, सरस्वतीच्या स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगितली जाईल, आणि प्रत्येक जण आधी सासूबाईंच्या डोळ्यांकडे बघेल, मग तिच्या छातीकडे.

"निरांजन शांत झालं का गो?" भागीरथीबाईंनी विचारलं.

वात सरळ जळत होती. अरुणाने निरांजन उचललं आणि त्यांच्या समोर, अगदी मधोमध आणून ठेवलं. त्यांनी नमस्कार केला.

"मान वर करा."

डाव्या डोळ्यात एक थेंब. मग उजव्याही, डॉक्टर म्हणाले होते, दिसत नसलं तरी थेंब सोडायचा नाही, नाहीतर दुखायला लागेल. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, शनिवारी, सगळे अरुणाकडे बघत असताना, त्यामुळे ते फक्त तिनंच ऐकलं होतं. थेंब घातल्यावर डोळे मिटायचे आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, दोन मिनिटं. आधी ज्यांचं औषध चालू होतं त्या डॉक्टरांनी हे कधी सांगितलं नव्हतं, आणि कशासाठी, ते अरुणानेही विचारलं नव्हतं.

तिनं अंगठा आणि पहिलं बोट त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना टेकवलं आणि दाबलं. पापण्यांखाली डोळे हलत होते. आत टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

बऱ्याच वेळानं भागीरथीबाईंनी आवंढा गिळला. जीभ टाळ्याला लावून पाहिली. पुन्हा गिळला.

"आज कडू लागलंच नाही गो," त्या म्हणाल्या. "घशात काहीच उतरलं नाही."

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. अरुणाने बोटं उचलली नाहीत.